युद्धातल्या परिचारिकांवरची कादंबरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐतिहासिक कादंबऱ्यांची हस्तलिखितं छापायला जाण्याआधी वाचायची आणि इतिहास कुठे घसरलाय ते दाखवून द्यायचं, हे माझं काम. युद्धात शुश्रूषेला गेलेल्या बायकांवरच्या कादंबऱ्या त्यात पुष्कळ येतात, आणि त्या लिहिणाऱ्यांकडून, वाचणाऱ्यांकडून प्रश्नही तेच ते येतात. उत्तरं देऊन देऊन पाठ झाली, म्हणून इथे एकदाची लिहून ठेवते. बहुतेक कादंबऱ्या पहिल्या महायुद्धात घडतात, तेव्हा उत्तरंही मुख्यतः त्याच काळाची आहेत. दुसऱ्या महायुद्धाची गोष्ट वेगळी असेल तिथे तसं सांगितलं आहे.

१. फ्लोरेन्स नाइटिंगेलच्या आधी युद्धात परिचारिका नव्हत्याच का?

होत्या. सैन्यामागून जाणाऱ्या बायका जखमा धूत, पाणी पाजत, आणि कॅथलिक जोगिणी तर कितीतरी आधीपासून रणांगणाजवळ काम करत. क्रिमियाच्या युद्धात (१८५३–५६) फ्रेंच सैन्याबरोबर अशा जोगिणी होत्या, ब्रिटिशांकडे कुणीच नाही, ही गोष्ट लंडनच्या ‘टाइम्स’मधून लोकांना कळली आणि गहजब झाला. तेव्हा कुठे युद्धमंत्री सिडनी हर्बर्ट यांनी नाइटिंगेल यांना पाठवलं. नोव्हेंबर १८५४ मध्ये त्या ३८ बायका घेऊन इस्तंबूलसमोरच्या स्कुटारीला पोचल्या.

त्याच वेळी पलीकडच्या, म्हणजे रशियाच्या बाजूलाही बायका कामाला लागल्या होत्या. राजघराण्यातल्या येलेना पावलोव्ना यांनी उभ्या केलेल्या संघातल्या परिचारिका निकोलाय पिरोगोव या शल्यविशारदाच्या हाताखाली सेवास्तोपोलमध्ये राबत होत्या. आणि जमैकाची मेरी सीकोल स्वतःच्या पैशाने बालाक्लावाजवळ येऊन खाणावळ आणि औषधोपचार दोन्ही चालवत होती. नाइटिंगेलवर शंभर कादंबऱ्या आहेत. नव्याने लिहिणाऱ्याने या दोन वाटांकडे बघायला हरकत नाही.

२. नाइटिंगेल आल्या आणि मृत्यू थांबले, हे खरं ना?

नाही. हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो, आणि खरं उत्तर कादंबरीला जास्त उपयोगी आहे.

त्या आल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात स्कुटारीत मृत्यू वाढले. फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल होणाऱ्यांत शेकडा ४२ च्या आसपास माणसं मरत होती, आणि तीही जखमांनी कमी, जुलाब, हगवण, तापाने जास्त. बराकीचं ते अवाढव्य रुग्णालय तुंबलेल्या गटारांवर उभं होतं. मार्चमध्ये स्वच्छता आयोग आला, त्याने गटारं उपसली, पाणी साफ केलं, खिडक्या उघडल्या. जूनपर्यंत ते प्रमाण शेकडा २ वर आलं. युद्ध संपल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर आकडे मांडताना नाइटिंगेल यांना याचा पुरता अर्थ लागला. मृत्यूंची कारणं दाखवणारी १८५८ मधली त्यांची ती प्रसिद्ध पाकळ्यांची आकृती त्यातूनच आली. आपण रात्र रात्र ज्यांच्या उशाशी बसलो त्यांना आपल्याच रुग्णालयाच्या भिंती मारत होत्या, हे एखाद्या बाईला मागाहून आकड्यांच्या तक्त्यात दिसावं, यापेक्षा मोठा प्रसंग कादंबरीकाराला आणखी कोणता हवा?

दिव्याचं म्हणाल तर तो अल्लादिनच्या गोष्टीतल्या चिरागासारखा नव्हता. तुर्की घडीचा कंदील होता. मुखपृष्ठावर तेवढं बघा.

३. नर्स, सिस्टर, मेट्रन आणि व्हीएडी यांत फरक काय? सगळ्यांना ‘नर्स’ म्हटलं तर चालेल?

चालणार नाही, कारण अर्धी भांडणं याच फरकातून होतात. ब्रिटिश सैन्याची कायम परिचारिका-सेवा १९०२ मध्ये राणी अलेक्झांड्राच्या नावाने उभी राहिली. तिच्यात यायचं तर रुग्णालयात तीन वर्षांचं शिक्षण, २५ ते ३५ वय आणि ‘बऱ्या घरातली’ असणं लागे. तिथली सिस्टर वॉर्डाची मालकीण. तिच्या वर मेट्रन. मेट्रनच्या पावलांचा आवाज आला की वॉर्डातल्या चादरीसुद्धा ताठ होत.

व्हीएडी म्हणजे १९०९ पासून उभ्या राहिलेल्या स्वयंसेवी तुकड्यांमधल्या मुली. प्रथमोपचाराचं आणि घरगुती शुश्रूषेचं प्रमाणपत्र एवढंच त्यांचं शिक्षण. परदेशी जायला वय २३ लागे, आणि वय चोरून गेलेल्या मुली कमी नव्हत्या. या बहुतेक खात्यापित्या घरच्या, घरी चहाचा कपही कधी न विसळलेल्या. सिस्टरबाई पोटासाठी शिकून वर आलेल्या. आता यांतली एक दुसरीला बेडपॅन घासायला सांगते. तुमची कादंबरी इथे आपोआप सुरू होते.

४. माझी नायिका खंदकात जाऊन जखमी सैनिकाला उचलून आणते. असं घडत असे का?

पश्चिम आघाडीवर, म्हणजे फ्रान्स-बेल्जियममध्ये, जवळजवळ नाही. या एका चुकीने मी पाहिलेली निम्मी हस्तलिखितं कोलमडली आहेत.

जखमी माणूस कसा मागे येई ते नीट समजून घ्या. खंदकातून त्याला डोलीवाले उचलत. चिखल गुडघाभर असेल तर एका माणसाला सहा-आठ जण लागत आणि मैलभर यायला काही तास जात. मग पलटणीचा डॉक्टर, तिथे पट्टी आणि मॉर्फिया. मग ड्रेसिंग स्टेशन. तिथून मोटारीने किंवा घोड्याच्या गाडीने ‘कॅज्युअल्टी क्लिअरिंग स्टेशन’, म्हणजे आघाडीच्या काही मैल मागे, रेल्वेरुळाजवळ तंबूंत उभारलेलं शस्त्रक्रियेचं ठिकाण. परिचारिका भेटते ती इथे. तिथून रुग्णगाडीने रुआँ, एताप्ल अशा किनाऱ्याकडच्या मोठ्या रुग्णालयांत, आणि पुढे जहाजाने इंग्लंडला. रुग्णगाडीत आणि जहाजावरही परिचारिका असतच.

म्हणजे तुमच्या नायिकेला लढाई दिसत नाही, ऐकू येते. तोफांचा आवाज वाढला की दहा-बारा तासांनी आपल्याकडे किती माणसं येणार याचा अंदाज तिला येतो, आणि ती पट्ट्या मोजायला लागते. तंबूत पाय ठेवायला जागा नाही, गवतावर स्ट्रेचरच्या रांगा, कुणाला आधी टेबलावर घ्यायचं, कुणाला ऊब देऊन थोडा वेळ थांबवायचं आणि कुणाला मरणाऱ्यांच्या तंबूत हलवायचं याची निवड. त्या तंबूतही एक सिस्टर असे. मला विचाराल तर अख्खी कादंबरी तिची होऊ शकते.

धोका नव्हता असं नाही. ऑगस्ट १९१७ मध्ये बेल्जियममधल्या इप्रजवळ ब्रांडहूक इथे पोटाच्या जखमांवर लवकर शस्त्रक्रिया व्हावी म्हणून अशी केंद्रं मुद्दाम पुढे नेली होती. तिथे तोफगोळ्याने नेली स्पिंडलर ही परिचारिका गेली. लाइसेनहूकच्या दफनभूमीत दहा हजारांहून जास्त कबरी आहेत, त्यांत ती. मे १९१८ मध्ये एताप्लच्या रुग्णालयांवर विमानांतून बॉम्ब पडले.

५. त्या काळी औषधं कोणती होती? पेनिसिलिन दाखवलं तर चालेल का?

पहिल्या महायुद्धात अजिबात नाही. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा, सैनिकांवर त्याचा वापर १९४३ पासूनचा. जंतूंवरची सल्फा औषधंसुद्धा १९३० च्या दशकातली. १९१६ च्या वॉर्डात ‘तिने त्याला अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं’ हे वाक्य मी एकदा नव्हे, तीनदा खोडलं आहे. त्यातले एक लेखक स्वतः डॉक्टर होते!

जंतूंविरुद्ध औषध नाही, आणि इप्रच्या आसपासच्या फ्लँडर्स भागातली शेतं शतकानुशतकं शेणखत घातलेली. त्या मातीचे कण कपड्याच्या चिंध्यांसकट जखमेत खोल जात आणि गॅस गँगरीन होई. सुजलेल्या मांसाखाली बोट दाबलं की हवा कुरकुरते आणि वास वॉर्डाच्या दारात येतो. धनुर्वाताविरुद्धचं सीरम मात्र होतं आणि ते सर्रास टोचत.

उपाय म्हणजे मेलेलं मांस कापून जखम उघडी ठेवायची आणि अलेक्सिस कॅरेल व हेन्री डेकिन यांच्या पद्धतीने धूत राहायची. जखमेत रबरी नळ्या सोडायच्या आणि दर दोन तासांनी त्यांतून सोडियम हायपोक्लोराइटचं अगदी सौम्य, सुमारे अर्धा टक्क्याचं द्रावण सोडायचं. दर दोन तासांनी, दिवसरात्र, प्रत्येक खाटेला. द्रावण रोज ताजं बनवायचं, कारण ते टिकत नाही. हे काम डॉक्टरचं नव्हतं. ते परिचारिकेचं होतं. शोधाला नावं दोन पुरुषांची लागली. मनगटं दुखली ती कुणाची, हे कादंबरीने सांगावं.

मांडीचं हाड मोडलेल्यांसाठी थॉमस स्प्लिंट, म्हणजे पाय ताणून स्थिर धरणारी चौकट, आघाडीजवळच बांधायला लागल्यावर जगणाऱ्यांची संख्या फार वाढली. रक्त द्यायची सोय युद्धाच्या उत्तरार्धात आली: सोडियम सायट्रेट घातलं की रक्त गोठत नाही हे १९१४ च्या सुमारास कळलं आणि साठवलेलं रक्त १९१७ मध्ये पहिल्यांदा वापरलं गेलं. क्ष-किरण होते. मारी क्यूरी आणि त्यांची मुलगी इरेन क्ष-किरणांच्या गाड्या घेऊन फ्रेंच आघाडीवर फिरत होत्या.

विषारी वायूंच्या तारखा चुकवू नका. क्लोरीन २२ एप्रिल १९१५ ला इप्र इथे, मस्टर्ड वायू जुलै १९१७ पासून. मस्टर्डच्या रोग्याचे कपडे काढणाऱ्या परिचारिकेच्या हातांवर आणि डोळ्यांवरही त्याचा परिणाम होई.

६. गणवेश कसा होता?

कायम सेवेतल्या सिस्टरचा करडा झगा, खांद्यावर लाल आखूड केप, डोक्यावर पांढरं वस्त्र. राखीव सेवेतल्यांची केप करडी, लाल काठाची. कॅनडाच्या परिचारिका निळ्यात, म्हणून त्यांना ‘निळे पक्षी’ म्हणत. एवढं पुरे, लेखक मंडळी कपड्यांवर पानं खर्च करतात आणि उवांवर एक ओळही नाही.

७. परिचारिका आणि जखमी अधिकारी यांचं प्रेम दाखवावं का?

दाखवा, पण किंमत दाखवा. कायम सेवेतली परिचारिका अविवाहित किंवा विधवाच असावी लागे. लग्न केलं की राजीनामा. पुरुषाबरोबर एकटीने फिरणं, नाचाला जाणं यांवर बंदी, आणि ती मोडली तर मायदेशी रवानगी. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६१ मध्ये डोरोथिया डिक्स यांनी तर नियमच केला होता: वय पस्तिशीपुढे, दिसायला साधी, कपडे तपकिरी किंवा काळे, फिती नाहीत, कुरळी बट नाही, दागिना नाही. या अटी कडक वाटतील. पण शिकलेल्या बाईने परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, हे समाजाच्या गळी उतरवायची ती वाट होती.

शिवाय दमलेल्या माणसाला प्रेम सुचायला वेळ लागतो. चौदा तास उभं राहिलेली मुलगी चांदण्यात फिरायला जात नाही, बूट न काढता झोपते.

८. परिचारिकांना लष्करी हुद्दा होता का? सैनिक त्यांना सलाम करत का?

देशानुसार बदलतं. कॅनडाच्या परिचारिकांना पहिल्या महायुद्धात लेफ्टनंटचा दर्जा होता, आणि त्या सैन्यात होत्या म्हणूनच १९१७ च्या निवडणुकीत त्यांना मतदान करता आलं. ब्रिटिश सिस्टरला अधिकाऱ्यासारखी वागणूक मिळे, पण कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची सनद, नव्हतं. हुद्दे मिळाले ते दुसऱ्या महायुद्धात. भारतात १९४३ च्या वटहुकमाने लष्करी परिचारिका कमिशनप्राप्त अधिकारी झाल्या. १९१५ मधल्या इंग्रज नायिकेला ‘कॅप्टन’ म्हणू नका.

९. पहिल्या महायुद्धात भारतीय परिचारिका होत्या का?

थोड्या. भारतातल्या लष्करी शुश्रूषेची सुरुवात २८ मार्च १८८८ ला धरतात, त्या दिवशी दहा शिकलेल्या परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या. पण त्या इंग्रज होत्या आणि गोऱ्या पलटणींसाठी होत्या. हिंदी शिपायाच्या वाट्याला वॉर्ड ऑर्डर्ली, भिश्ती, मेहतर. हिंदी सैनिकांसाठी कायमची परिचारिका-सेवा १ ऑक्टोबर १९२६ ला सुरू झाली.

तरी मराठी नायिका अशक्य नाही. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं, तिथल्या मुली ससून रुग्णालयात शुश्रूषा शिकत. त्यांत बालविधवा होत्या. युद्धकाळात डेक्कन कॉलेजच्या इमारतीत लष्करी रुग्णालय होतं, मुंबईच्या नव्या वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीतही होतं, आणि मेसोपोटेमियातले (आजच्या इराकमधले) जखमी जहाजांनी मुंबईला येत. ससूनमध्ये शिकलेली मुलगी आणि बसऱ्याहून आलेला जखमी एकाच शहरात आणणं सहज जमतं. तिला बसऱ्याला धाडलंत, की तुमच्या कल्पनेचं ओझं वाढतं; ते पेलणार असाल तर प्रस्तावनेत तसं कबूल करा.

१०. इंग्लंडमध्ये भारतीय जखमींची शुश्रूषा गोऱ्या परिचारिका करत का?

हा अडचणीचा प्रश्न तेव्हाही होता. डिसेंबर १९१४ पासून ब्रायटनचा राजवाडा भारतीय जखमींचं रुग्णालय झाला. घुमटाखाली खाटा, धर्म-जातींप्रमाणे नऊ स्वयंपाकघरं, हिंदू-मुसलमानांना पाण्याचे वेगळे नळ. त्याचे फोटो सरकारने जगभर मिरवले. मात्र गोऱ्या बाईने काळ्या शिपायाची शुश्रूषा करावी हे लष्करी अधिकाऱ्यांना खुपत होतं. परिचारिकांना देखरेखीपुरतं ठेवलं गेलं आणि काही ठिकाणी त्यांना मनाईच होती. तेव्हा ब्रायटनमध्ये शिपायाचा हात हातात घेऊन बसलेली सिस्टर दाखवाल तर तो नियमभंग आहे हे तिला माहीत असू द्या. मरण पावलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन गावाबाहेरच्या टेकडीवर झालं. तिथे १९२१ मध्ये स्मारक म्हणून छत्री उभारली गेली.

११. दुसऱ्या महायुद्धातली भारतीय नायिका घ्यायची असेल तर?

तिथे वाव जास्त आहे. हुद्द्याचं प्रश्न ८ मध्ये आलंच. दुसरी बाजू आझाद हिंद सेनेची: जुलै १९४३ मध्ये सिंगापुरात डॉ. लक्ष्मी स्वामिनाथन यांच्या नेतृत्वाखाली झाशीची राणी पलटण उभी राहू लागली आणि तिच्या परिचारिका पथकाला चांदबिबीचं नाव दिलं. अहमदनगरचा किल्ला लढवणाऱ्या बाईचं नाव शुश्रूषा-पथकाला! मलायातल्या रबराच्या मळ्यांवरच्या तमिळ मुली, ज्यांनी भारत पाहिलाही नव्हता, त्या या पलटणीत होत्या. तिसरी वाट चीनची. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये तिकडे गेले आणि त्यांनी लग्न केलं ते क्वो छिंगलान या परिचर्या शिकवणाऱ्या बाईशी. डिसेंबर १९४२ मध्ये कोटणीस गेले. त्यांच्या बाजूने पुष्कळ लिहिलं गेलंय, तिच्या बाजूने मराठीत फारसं नाही.

१२. रेड क्रॉसची खूण असताना परिचारिकांवर हल्ला कसा होई? तो गुन्हा नव्हता का?

होता. १८६४ च्या जिनिव्हा करारापासून जखमी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना संरक्षण आहे. पण यातल्या फटी कथानकाला महत्त्वाच्या आहेत.

पहिली फट वाहनाची. न्यूझीलंडच्या परिचारिका ऑक्टोबर १९१५ मध्ये ‘मार्केट’ या जहाजातून ग्रीसमधल्या सलोनिकाला जात होत्या. त्यात सैनिक, दारूगोळ्याची तुकडी आणि खेचरंही होती, म्हणजे ते रुग्णनौका नव्हतं. पाणतीराने ते बुडालं आणि दहा परिचारिका गेल्या. ‘लँडोव्हरी कॅसल’ची गोष्ट उलट आहे. ती खूण लावलेली, दिवे लावलेली रुग्णनौका होती, तरी २७ जून १९१८ ला बुडवली. कॅनडाच्या चौदाच्या चौदा परिचारिका मेल्या. तो उघड गुन्हा होता आणि त्यावर १९२१ मध्ये लाइपझिगला खटला चालला.

दुसरी फट कामाची. ब्रसेल्सला परिचर्या-शाळा चालवणाऱ्या एडिथ कॅव्हेल यांनी दोस्त राष्ट्रांच्या सुमारे दोनशे सैनिकांना पळून जायला मदत केली आणि त्याची कबुलीही दिली. शुश्रूषेपलीकडे गेलं की संरक्षण सुटतं. १२ ऑक्टोबर १९१५ ला जर्मनांनी त्यांना गोळ्या घातल्या. कायद्याच्या चौकटीत बसवलेली ही शिक्षा जर्मनीला जगभर भोवली, तो भाग वेगळा.

आणि जिथे फटही नव्हती असं उदाहरण: १६ फेब्रुवारी १९४२, बांका बेट. जहाज बुडून किनाऱ्याला लागलेल्या २२ ऑस्ट्रेलियन परिचारिकांना जपानी सैनिकांनी समुद्रात चालायला लावून मागून गोळ्या घातल्या. एकटी व्हिव्हियन बुलविंकल वाचली.

१३. शत्रूच्या जखमी सैनिकाची शुश्रूषा त्या करत का?

करत, नियमच तो होता, आणि क्लिअरिंग स्टेशनात जर्मन कैद्यांचे वेगळे तंबू असत. करायला लागणं आणि करावंसं वाटणं यांतलं अंतर कादंबरीने मोजावं. भाऊ गेल्याची तार ज्या दिवशी आली त्याच दिवशी तिची पाळी त्या तंबूत लागते, असा प्रसंग लिहायचा तर तिला चटकन क्षमाशील करू नका. ती पट्टी नीट बांधते. एवढंच दाखवलंत तरी वाचक ओळखतो.

१४. पात्रांची भाषा कशी ठेवावी?

इंग्रज सिस्टरच्या तोंडी पेशवाई मराठी नको, आणि आजच्या शहरी मुलीची बोलीही नको. रोगी तिला ‘सिस्टर’ म्हणेल, सहकारी आडनावाने हाक मारतील. हिंदी शिपाई तिला ‘मेमसाहेब’ म्हणेल, पण पुण्यात शिकलेल्या मराठी परिचारिकेला गावाकडचा मावळा गडी ‘बाई’ म्हणेल किंवा वय बघून ‘ताई’. पत्रं लिहिताना सेन्सॉर विसरू नका. गावांची, पलटणींची नावं खोडली जात. त्यामुळे खरी परिचारिका घरी हवामान, बिस्किटं आणि मोज्यांबद्दल लिहायची. ज्या हस्तलिखितात नायिका आईला सोम नदीकाठच्या लढाईचं दहा पानी वर्णन पाठवते, तिथे मी समासात फक्त ‘कात्री’ लिहिते.

१५. ११ नोव्हेंबर १९१८ ला कादंबरी संपवावी का?

बिगुल वाजला, सगळे रडले, पडदा, हा मोह सगळ्यांना होतो. त्या दिवशी वॉर्ड मात्र भरलेले होते. इन्फ्लुएन्झाची लाट ऐन भरात होती. धडधाकट पोरं निळी पडून दोन-तीन दिवसांत जात होती आणि परिचारिकाही त्यात मरत होत्या. भारतात त्या साथीने एक कोटीहून जास्त माणसं नेली. बऱ्याच परिचारिका १९१९ उलटेपर्यंत फ्रान्स आणि मेसोपोटेमियात अडकून होत्या. ब्रिटनमध्ये परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा झाला तो डिसेंबर १९१९ मध्ये. नोंदवहीत नाव घालायचं तर तीन वर्षांच्या शिक्षणाचा दाखला हवा, आणि चार वर्षं जखमा धुतलेल्या व्हीएडी मुलीकडे तो नव्हता. तिला पुन्हा पहिल्या वर्षाच्या मुलींबरोबर बसून चादरीचे कोपरे कसे मोडायचे ते शिकावं लागणार होतं.

तुमची नायिका शिकायला जाते की नाही, ते तुम्ही ठरवा.